आठ दिवसांच्या बाई

बाईंबद्दल चांगलं बोलताना मला अजूनही थोडे कष्ट पडतात. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मीही निवृत्तीला आलो, तरी कुणी त्यांचा विषय काढला की मी जरा ताठ होऊन बसतो. इतकी वर्षं मी त्याला आदर म्हणत आलो. आता या वयात स्वतःशी तरी खरं बोलावं. तो हेवा होता.

केडगाव स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आमचं केंद्र होतं. शाळा संपलेली अपंग मुलंमुली तिथं यायची. कुणी बहिरी, कुणी पोलिओ झालेली, कुणाचा एक हात जन्मापासून अधू. त्यांना दोन वर्षं काहीतरी काम शिकवायचं आणि मग कुठंतरी नोकरीला लावायचं, हा केंद्राचा उद्देश. त्या काळी आम्ही 'अपंग' असंच म्हणत होतो. शाळा कशीबशी पुरी व्हायची, घरी पेढे वाटले जायचे, आणि मग तो मुलगा दाराबाहेरच्या ओट्यावर बसायचा तो बसूनच राहायचा. त्याला त्या ओट्यावरून उठवणं हे आमचं काम.

मी तिथं नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर 'रोजगार अधिकारी' म्हणून रुजू झालो. पुण्याहून समाजकार्याची पदवी घेऊन आलो होतो. बाई होत्या शिवणशिक्षिका, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. मुलांना नोकऱ्या लावून देणं त्यांच्या कामात कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या कामात लिहिलेलं होतं. पण मुलं नोकरीला लागायची ती बाईंमुळे. माझ्यामुळे फक्त टपाल वाढलं. मी कुरकुंभच्या, रांजणगावच्या एकूण एक कारखान्याला टाइप केलेली पत्रं पाठवायचो आणि 'सध्या जागा नाहीत' अशी उत्तरं तारीखवार फाईलला लावून ठेवायचो.

बाई दौंडच्या. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या, ख्रिस्ती. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. पन्नाशीच्या आसपासचं वय, ठेंगणा बांधा, पाचवारी सुती साडी आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा ते बूट पाहून मला हसू आलं होतं. "कारखान्यातली फरशी चपलेला सोसत न्हाई," त्या म्हणाल्या. मला त्या 'नवे सर' म्हणायच्या. मी रुजू झालो तेव्हा ते ठीक होतं. पण पुढं नऊ वर्षं मी नवे सरच राहिलो. माझ्यानंतर आणखी दोन शिक्षक आले, त्यांना त्यांच्या नावानं हाक मारली जायची. मी मात्र नवे सर.

त्यांची पद्धत अशी होती. कुठं काम असल्याचं कळलं की आधी त्या स्वतः ते काम आठ दिवस करायच्या. मूल नंतर. आणि साधं करायच्या नाहीत. बहिऱ्या मुलाला पाठवायचं असेल तर कानात कापसाचे बोळे घालून त्यावर मेण लावायच्या. एका हाताच्या मुलासाठी स्वतःचा उजवा हात ओढणीनं अंगाला बांधून घ्यायच्या. घरून निघतानाच बांधायच्या, आणि संध्याकाळी घरी परतल्यावरच सोडायच्या. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "प्लास्टर कवा निघणार, बाई?" बाई सांगायच्या, "शनवारी." पुढच्या महिन्यात हात पुन्हा बांधलेला पाहून तो बिचारा हळहळायचा.

आठ दिवसांनी त्या आल्या की मला त्यांचा अहवाल लिहून घ्यावा लागे, कारण त्या स्वतः कागदाला हात लावायच्या नाहीत. त्या उभ्या राहून सांगायच्या आणि मी लिहायचो. एकदा त्यांनी सांगितलं, "मुलगा बरा हाय. सुपरवायझर बरा न्हाई. दोघंबी शिकतील." मी म्हटलं, बाई, असं अहवालात लिहीत नसतात. त्या म्हणाल्या, "मग कसं लिहितात?" मी म्हटलं, 'पर्यवेक्षकांच्या सहकार्याची अपेक्षा आहे.' त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजी तेच, पण कुणाला कळू न देता."

कुरकुंभला पुठ्ठ्याची खोकी करण्याचा एक कारखाना होता. तिथं एका बहिऱ्या मुलाला लावायचं होतं. बाई आठ दिवस जाणार म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी दुपारची एसटी पकडून तिथं गेलो. काम कसं चाललंय ते बघायला आलो, असं मी तिथल्या ऑफिसात सांगितलं. खरं म्हणजे बाईंना जमत नाहीये, हे बघायला मी गेलो होतो. काचेच्या खिडकीतून मला त्या दिसल्या. खोकी घडी घालून रचत होत्या. शेजारच्या पोरींची पाच व्हायची तेव्हा यांची दोन व्हायची. त्यांच्या निम्म्या वयाचा एक सुपरवायझर येऊन त्यांना काहीतरी बोलला. बोलणं ऐकू आलं नाही, पण त्यानं हातातली खोकी खाली टाकली ते दिसलं. बाईंनी ती उचलली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी बरं वाटलं, आणि मी तसाच परत आलो.

आठवड्याच्या शेवटी बाई म्हणाल्या, "लिहा. पोरांच्या पाठीमागनं माल नेणारी गाडी उलटी येती. भोंगा वाजतो, पण कानात बोळे असले की कळत न्हाई. मी दोनदा वाचले. समोरच्या भिंतीवर आरसा पाहिजे. मोठा." कारखान्याचे लोक आधी हसले, मग त्यांनी आरसा लावला. महिनाभरानं त्यांचा मॅनेजर आमच्या केंद्रात आला तेव्हा म्हणाला, आरसा ऐकू येणाऱ्यांच्याही उपयोगाला आला. त्यानं चहा घेतला, माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, "त्या बाई कुठायत?"

हे वाक्य मी त्या नऊ वर्षांत किती वेळा ऐकलं असेल. विश्वस्त यायचे, पालक यायचे, नोकरी लागलेली मुलं सणाला भेटायला यायची. माझ्या टेबलापाशी थांबून सगळे तेवढंच विचारायचे. माझी बायको एकदा केंद्राच्या कार्यक्रमाला आली आणि घरी जाताना सायकलवर मागं बसून बाईंविषयीच बोलत राहिली. मी सायकल जोरात मारू लागलो. तिला कळलं नाही.

बहिऱ्या मुलांशी बोलण्यातही तेच. मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की मुलांशी हातवारे करायचे नाहीत, ओठांवरून वाचायची सवय लावायची. मी त्यांच्यासमोर बसून सावकाश ओठ हलवायचो. मुलं माझ्याकडे नम्रपणे बघत राहायची. बाईंचे हात मात्र सारखे चालू. कुठं शिकल्या होत्या कुणास ठाऊक, मुलांकडूनच शिकल्या असाव्यात. पुढं मीही हातांनी बोलायला शिकलो, पण मुलं माझ्याशी बोलताना हात सावकाश हलवायची, जसं आपण परगावच्या माणसाशी बोलतो. मुलांनी प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवलं होतं. बाईंचं नाव दोन्ही हातांची बोटं कानांशी फिरवणं, म्हणजे कापूस. माझं नाव हवेत सही करणं. त्यात काही वाईट नव्हतं. पण मला ते कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

बाई देवमाणूस वगैरे नव्हत्या, हेही सांगायला हवं, आणि ते मी आनंदानं सांगतो. त्या फटकळ होत्या. यवतच्या बाजूच्या एका गिरणीमालकानं "एखादा पोरगा घेऊ, देवाचं काम हाय" म्हटल्यावर त्या चहाचा कप अर्धा टाकून उठल्या होत्या. "देवाचं काम चर्चमध्ये करते मी. इथं गिरणीचं काम बोलायला आले हुते." ती जागा गेली. आणि एका मुलाच्या बाबतीत तर त्या साफ चुकल्या. पोलिओनं दोन्ही पाय गेलेला मुलगा, चित्रं फार सुंदर काढायचा. बाईंनी त्याला मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे वायरिंगच्या कामाला बसवलं. तो रडला, तर म्हणाल्या, "चित्रं रविवारी काढ." दोन वर्षांनी त्यानं ते काम सोडलं आणि शिरूरला पाट्या रंगवायचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. बाई त्याच्या दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. बोर्ड मस्त रंगवतोस." मी त्यांची चूक मनात जपून ठेवली होती, ती त्यांनी अशी दोन वाक्यांत संपवून टाकली.

आता मंगलचं सांगतो.

मंगल वरवंडकडची. धनगराची मुलगी, जन्मापासून बहिरी. तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, तरुणपणी मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचे. आता थोडी शेती करून एका जागी राहिले होते. दहा-बारा मेंढरं मात्र दाराशी ठेवली होती. मंगल एकोणीस वर्षांची होती, दोन वर्षांचं प्रशिक्षण संपत आलं होतं. शिवणात ती यथातथाच होती. बाई तिच्यासाठी जागा शोधत होत्या आणि त्यांना मनासारखी मिळत नव्हती.

त्याच सुमारास रांजणगावला नव्या कंपन्या येत होत्या. विजेच्या उपकरणांचे सुटे भाग करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत माझा पुण्याचा वर्गमित्र कामगार अधिकारी होऊन आला. मी त्याला भेटलो. तो म्हणाला, "एक मुलगी पाठव. आमच्या साहेबांना असं काही केलेलं आवडतं."

बाई त्या आठवड्यात कासुर्डीच्या रोपवाटिकेत हात बांधून मातीच्या पिशव्या भरत होत्या. मी त्यांना काही कळवलं नाही. चार दिवसांत सगळं जमवलं. मंगलची मावशी रांजणगावातच राहत होती, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता. नेमणुकीच्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी मंगलला गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला, तो तालुक्याच्या साप्ताहिकात छापून आला. फोटोत मी मधोमध होतो. ते कात्रण मी केंद्राच्या फलकावर लावलं. फलक बाईंच्या शिवणवर्गाच्या दारासमोर होता.

बाई आल्या. त्यांनी कात्रण वाचलं. हात अजून बांधलेलाच होता. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "काम काय हाय?"

"असेंब्ली विभागात," मी म्हटलं.

"विभाग कळला. काम काय?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. "मोठी कंपनी आहे बाई," मी म्हटलं, "कँटीन आहे, गणवेश आहे." त्या वळल्या आणि वर्गात गेल्या.

बाराव्या दिवशी मंगल परत आली. मावशीला न सांगता एकटीच एसटीनं चौफुल्याला उतरून चालत केंद्रात आली. तिनं गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा काढून माझ्यासमोर ठेवला आणि एकच खूण पुन्हा पुन्हा केली. बसणे. बसणे. बसणे. मला नीट कळलं होतं. तरी मी तिला ओठांनी सावकाश विचारलं, काय म्हणतेस? तेव्हा तिनं उठून दाखवलं. दारापाशी खुर्ची. पाहुणे येतात. साहेब हिच्याकडे बोट दाखवतात. पाहुणे मान हलवतात. दिवसभर एवढंच. तिनं आतल्या मुलींजवळ जाऊन काम मागितलं, तर त्यांनी तिला हाताला धरून परत खुर्चीवर बसवलं. "मी आजारी आहे का?" असं तिनं हातांनी विचारलं.

मी तिला घरी पाठवलं. आणि मग दार लावून अहवाल लिहिला. 'उमेदवाराची मानसिक तयारी अपुरी. नोकरीचे गांभीर्य नाही. कुटुंबाचे सहकार्य मिळाले नाही.' खाली सही केली. नियमाप्रमाणे एक प्रत आबांना टपालानं पाठवली. मी माझी चूक लपवली एवढंच नाही. ती उचलून त्या पोरीच्या डोक्यावर ठेवली.

आठवड्याभरानं बाईंनी विचारलं, "मंगल कुठं हाय? तिचे काही शिवायचे कपडे ऱ्हायलेत." मी फाईल पुढं केली. त्यांनी ओळींवर बोट ठेवून अहवाल वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता काही बोलतील, मग मीही बोलेन, अशी मी मनात तयारी केली होती. त्यांनी फाईल मिटली.

"त्या कंपनीतला साहेब तुमच्या ओळखीचा ना, नवे सर? मला एक चिठ्ठी द्या."

"कशाला?"

"आठ दिवस मंगलच्या जागी बसून बघते."

मी चिठ्ठी दिली. मनात म्हटलं, मोठी कंपनी आहे, तिथं हिचे हे चाळे कोण चालवून घेणार. तिसऱ्याच दिवशी वर्गमित्राचा फोन आला. "अरे, कोण बाई पाठवलीस? कानात कापूस घालून दारातल्या खुर्चीवर बसलीये. पाहुणे आले की उठून उभी राहते आणि म्हणते, मला इथं काम न्हाई, कुणाकडं असलं तर सांगा. साहेबांना काय उत्तर देऊ मी?"

मी म्हटलं, "घालवून दे." तो म्हणाला, "घालवणारच होतो. पण काल पाहुण्यांत आमच्याच दुसऱ्या कारखान्याचे मुख्य होते. त्यांनी तिला आत नेलं."

बाकीची हकिगत बाईंनीच आल्यावर सांगितली. आत एका टेबलावर पितळेचे छोटे भाग तपासायचं काम चालायचं. केसाएवढी चीर असेल तो तुकडा बाजूला काढायचा. तिथं माणूस टिकत नव्हतं, डोळे दुखायचे, गप्पांच्या नादात खराब तुकडे पुढं जायचे. बाई उरलेले दिवस त्या टेबलावर बसल्या.

"मला न्हाई जमलं," त्यांनी सांगितलं. "माझे डोळे म्हातारे झालेत. शंभरातले निम्मे खराब तुकडे मी चांगल्यात टाकले. त्या टेबलावरची बया माझ्यावर लई चिडली. पण मंगलला जमंल."

"कशावरून?"

"आबांच्या घरी ऱ्हाते मी कधी कधी. पोरगी मेंढरं मोजत न्हाई. नुसती बघती आन् कुठलं आलं न्हाई ते सांगती. आबांना दोन मेंढरांतला फरक दाखवता येत न्हाई, ती दाखवती." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही जागा चांगली शोधली हुती, नवे सर. काम तेवढं शोधायचं ऱ्हायलं हुतं."

यात टोमणा असता तर मला सोसला असता. टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वरवंडला आबांकडे गेलो. आबा दारात बाजेवर बसले होते. मंगल लांब बांधावर मेंढरांपाशी होती. तिनं आम्हाला पाहिलं, पण ती आली नाही. आबांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, आता त्यो इषय नगं. सोयरीक आलीय. बिजवर हाय, दोन पोरं हायती त्याला, पर पोरीला सांभाळंल म्हंतोय."

"मंगलला ईचारलं का?"

"तिला काय ईचारायचं. तिच्यानं नोकरी व्हत न्हाई. कागद आलाय तसा. मास्तरानं वाचून दावला मला." आबांनी टोपीतून माझ्या अहवालाची घडी काढली. "आमचं सहकार्य न्हाई म्हंत्यात. मी तिला सोडाया रांजणगावापत्तूर गेलो हुतो. तिच्या मावशीकडं दाणं पोचवलं. आजून काय करायचं सहकार्य?"

मी जमिनीकडे बघत होतो. बाईंनी तो कागद मागून घेतला.

"आबा, चूक आमची झाली," त्या म्हणाल्या. "पोरीची न्हाई आन् तुमची बी न्हाई. तिला कामच दिलं न्हवतं, नुसतं बसवून ठेवलं. ते आम्ही आधी बघायला पायजे हुतं. आता मी बघून आलेय. काम हाय आन् ते तिच्यासारख्या डोळ्याचं हाय."

"मग ह्यो कागद?"

"ह्यो चुकीचा हाय. नवे सर दुसरा देतील."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "असं व्हय ओ, साहेब?"

मी होकाराची मान हलवली. आबा उठले आणि बांधाच्या दिशेनं हात हलवू लागले. मंगल आली. बाई आणि ती बराच वेळ हातांनी बोलत होत्या. मधेच मंगलनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. बाईंचे हात इतके भरभर चालले की मला समजलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मंगल गेली. पहिले आठ दिवस बाई तिच्या टेबलाशेजारी बसून आल्या. सोयरीक आबांनी परत पाठवली. वर्षभरात त्या टेबलावर मंगलनं पाहिलेला तुकडा पुन्हा कुणी पाहीनासं झालं. पुढं त्याच कंपनीत आमची आणखी मुलं लागली.

केंद्राच्या वार्षिक समारंभात विश्वस्तांनी रांजणगावच्या यशाबद्दल कुणाचा सत्कार करायचा ते विचारलं, तेव्हा बाईंनीच सांगितलं, "ती जागा नव्या सरांनी आणली." मी नको म्हणालो असतो तर गोष्ट तिथंच मिटली असती. मी शाल आणि नारळ घेतला. समोर मुलं दोन्ही हात वर करून पंजे हलवत होती, त्यांची टाळी तशीच असते. त्यांच्यात बसून बाईही तशीच टाळी वाजवत होत्या. मला वाटायचं, हवं ते मिळालं की हेवा शांत होतो. तो होत नाही. त्या दिवसापासून तो वाढला, कारण आता मला जे मिळालं होतं तेही त्यांनीच दिलेलं होतं. आबांना मी दुसरा कागद पाठवला. केंद्राच्या फाईलमधला जुना मात्र तसाच राहू दिला.

बाई निवृत्त झाल्या आणि दौंडला राहायला गेल्या. निरोपाच्या भाषणात मी सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. घरी लिहूनही काढलं होतं. प्रत्यक्षात मी त्यांच्या चिकाटीबद्दल आणि साधेपणाबद्दल बोललो. पुढं वर्षभरातच त्या गेल्या. थोड्या दिवसांचं आजारपण होतं, मला कळलं तेव्हा दफनाची वेळ ठरली होती.

दौंडच्या ख्रिस्ती दफनभूमीत मी दुपारी पोहोचलो. इतकी माणसं असतील असं वाटलं नव्हतं. कुरकुंभची मुलं पहिली पाळी संपवून कंपनीच्या निळ्या कपड्यांत आली होती. पोलिओची मुलं तीनचाकी सायकली फाटकापाशी लावून कुबड्यांवर आत आली होती. शिरूरचा पाट्या रंगवणारा होता. आबा होते. मंगल पुढं उभी होती, ओळखपत्राचा पट्टा गळ्यात तसाच. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की माझ्या वेळी यातलं कोण येईल. तिथंही मला हेच सुचलं.

पाळकांनी बोलायला सुरुवात केली. त्यांनी पुस्तक तोंडासमोर धरलं होतं, दाढीही दाट होती. बहिऱ्या मुलांना त्यांचे ओठ दिसेनात. ती मान उंच करून बघू लागली, एकमेकांना विचारू लागली. मग कुणीतरी माझी बाही ओढली. हातांनी सफाईनं बोलणारी, ऐकू येणारी एकच व्यक्ती त्यांच्या ओळखीची होती आणि तिला आता खाली उतरवलं जात होतं. तिच्याखालोखाल मी होतो.

मी पाळकांच्या शेजारी मातीच्या ढिगाजवळ उभा राहिलो आणि ते बोलतील ते हातांनी सांगू लागलो. सगळे डोळे माझ्यावर आले. नऊ वर्षं मला तेच हवं होतं. पाळक सांगत होते की आपल्या या बहिणीनं कष्टाचं आयुष्य काढलं. मी सांगितलं. ती विधवा असूनही खचली नाही. मी सांगितलं. मग ते म्हणाले, "ती अतिशय दयाळू होती." मी दयेची खूण केली. कुरकुंभच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं हात हलवला, "दयाळू? नाही." दुसरा हसला आणि मग तोंडावर हात ठेवून रडू लागला.

माझे हात थांबले. पाळक पुढं बोलत होते. मी त्यांचं ऐकणं सोडलं. मंगलकडे बघून मी माझं सांगू लागलो. रांजणगावचं काम मी शोधलं नाही. ते बाईंनी शोधलं. तू परत आलीस तेव्हा तू काय म्हणत होतीस ते मला कळलं होतं. मी कागदावर खोटं लिहिलं. तुझ्या वडिलांना ते खोटं पाठवलं. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. शाल मी घेतली. मी त्यांच्यावर जळत होतो. शेवटच्या वाक्याला मला योग्य खूण आठवेना, म्हणून मी छातीवर हात ठेवून आग लागल्याची खूण केली.

पाळकांचा आवाज चालू होता. ऐकू येणाऱ्यांपैकी कुणाला काही कळलं नाही. आबा हात जोडून खाली बघत होते. बहिरी मुलं सगळी मंगलकडे बघू लागली.

मंगलनं डोळे पुसले. मग तिनं दोन्ही हात वर घेतले आणि मला नीट कळावं म्हणून सावकाश सांगितलं, "ते आम्हाला माहीत आहे. हे काय बोलतायत ते सांगा."

मी पाळकांकडे वळलो. ते बरंच पुढं गेले होते. मी कान देऊन ऐकलं, ते कुठवर आलेत ते समजून घेतलं, आणि तिथून पुढचं सांगू लागलो.